संगणकाचें दुखणें आणि त्याचा घरचा वैद्य

गेल्या वर्षीं दिवाळीसाठीं घरचीं सारीं माणसें एकत्र जमलीं होतीं. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं दीडच्या सुमारास माजघरांत उजेड दिसला म्हणून उठून पाहतों, तों धाकट्या बंधूंचे चिरंजीव मांडीवर संगणक घेऊन बसलेले! पहांटे अभ्यंगस्नान, आणि ह्यांचा अजून डोळ्याला डोळा नाहीं. “काका, सुइणीसारखी गत आहे आमची, बोलावणें केव्हां येईल, सांगतां येत नाहीं,” असें म्हणून ते पुन्हां पडद्याकडे वळले.

चिरंजीव पुण्यांतील एका कंपनींत डेटाबेस सांभाळतात. डेटाबेस म्हणजे एखाद्या मोठ्या पेढीच्या साऱ्या चोपड्या आणि त्या चोपड्या क्षणार्धांत उलगडून देणारा कारकून, हीं दोन्ही एकाच ठिकाणीं असलेलीं समजावीं. रात्रीं साडेआठला सुरू होणारें हिशेबाचें काम एरवीं साडेदहाला आटपे. त्या दिवशीं दीड वाजला तरी तें निम्म्यावरच रेंगाळत होतें. आदल्याच सायंकाळीं हाताखालच्या एका नवख्या मुलीनें डेटाबेसमध्यें एक नवा इंडेक्स घातला होता. इंडेक्स म्हणजे ग्रंथाच्या शेवटीं असते तशी सूचि. काल तिनें हात लावला आणि आज काम अडलें. मग दोष कोणाचा, हें ठरवावयास कितीसा वेळ लागणार? फोनवरील चौघांनींही तिच्यावर ठपका ठेवला. त्या चौघांत आमचे चिरंजीवही होते, आणि त्यांचें बोलणें ऐकून मला कांहीं संतोष झाला नाहीं.

आपल्याकडे माधवनिदानासारखा एक अवघा ग्रंथ केवळ निदानासाठीं रचला गेला, ह्यावरूनच निदानाचें महत्त्व ध्यानीं यावें. संगणक मंदावला कीं काय बिघडलें हें शोधणाऱ्यांची स्थिति मात्र पुष्कळ वर्षें नाडी न पाहतांच काढा देणाऱ्या वैदूसारखी होती. डेटाबेसला लागणारी माहिती डिस्कवर असते. वारंवार लागणारा भाग जवळच्या मेमरींत ठेवितात. शंभरांपैकीं किती वेळां हवी ती वस्तु मेमरींतच सांपडली, तें प्रमाण काढावयाचें, आणि तें नव्व्याण्णवावर असलें कीं प्रकृति ठणठणीत असें सांगावयाचें, ही एके काळची सर्वमान्य रीत. आतां स्वयंपाकघरांतील उदाहरण घ्या. डब्यांत शंभरदां हात घातला आणि नव्व्याण्णवदां जिन्नस हातीं लागला, ही कौतुकाचीच गोष्ट. पण एका भाजीसाठीं शंभरदां डबा उघडावा कां लागला, हें कोण विचारणार? कॅरी मिलसॅप ह्या तज्ज्ञानें 2001 च्या सुमारास हें भूत झाडण्यासाठीं एक निबंधच लिहिला. कॉनर मॅक्डॉनल्ड ह्या दुसऱ्या गृहस्थांनीं तर आपणांस हवें तेवढें प्रमाण काढून देणारा प्रोग्रॅम लिहून ठेविला. निष्कारण तीच ती माहिती वाचीत बसावयाचें, कीं प्रमाण आपोआप वाढतें! थट्टा खरी, पण तिच्या मागचा युक्तिवाद बिनतोड होता.

मग मोजावयाचें तरी काय? उत्तर आपल्या घरांतील कोणतीही जमाखर्च लिहिणारी गृहिणी देऊं शकेल. वाण्याकडे किती खेपा झाल्या हें ती लिहीत नाहीं. रुपये किती गेले तें लिहिते. संगणकाच्या संसारांतील रुपया म्हणजे वेळ. ओरॅकल ह्या अमेरिकन कंपनीनें 2003 सालीं आपल्या डेटाबेसच्या दहाव्या आवृत्तींत एक स्वयंचलित निदानकार बसविला. त्याचें नांव ऑटोमॅटिक डेटाबेस डायग्नोस्टिक मॉनिटर, म्हणजे संक्षेपानें एडीडीएम. त्याच्या कर्त्यांपैकीं कार्ल डायस, ग्रॅहॅम वुड प्रभृतींनीं 2005 सालीं कॅलिफोर्नियांतील एका परिषदेंत त्याची रचना निबंधरूपानें मांडली. तिचें सारें मर्म एका कल्पनेंत आहे. डेटाबेसनें सर्व माणसांच्या मागण्या पुरविण्यांत जो वेळ घालविला, मग तो प्रत्यक्ष कामाचा असो वा कशाची तरी वाट पाहण्याचा असो, त्या साऱ्याची बेरीज करावयाची आणि प्रत्येक दोष त्याच एका नाण्यांत तोलावयाचा. एकाच वेळीं अनेकांची सेवा चालत असल्यानें एका तासांत ही बेरीज साठ मिनिटांहून कितीतरी अधिक भरूं शकते.

व्यवस्था अशी. दर सेकंदास आंत कोण काय करीत आहे ह्याची नोंद होते. आणि, निराळें कांहीं ठरविलें नसेल तर, दर तासास साऱ्या आंकड्यांचें एक टांचण काढून ठेविलें जातें. टांचण निघालें कीं निदानकार आपण होऊन दोन टांचणांमधील फरक वाचावयास बसतो. वेळेच्या झाडाच्या बुंध्यापासून तो आरंभ करितो, आणि ज्या फांदींत वेळ फारसा गेलेला नाहीं ती सोडून देऊन जाड फांदीनेंच पुढें जातो.

येथें लक्षण आणि कारण ह्यांचा विवेक येतो. सकाळीं न्हाणीघरासमोर सात माणसें खोळंबलीं आहेत. आजोबा रांगेवर रागावतात, मुलें एकमेकांवर. वस्तुतः बंबच पेटलेला नाहीं. रांग हें लक्षण, थंड बंब हें कारण. निदानकार रांगेची नोंद घेतो, पण बोट बंबाकडे दाखवितो. आणि तो पेटविला असतां किती वेळ वांचेल ह्याचा अंदाजही देतो. मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. कोणत्या ठिकाणीं दोष नाहीं, हेंही तो शेवटीं लिहून ठेवितो. ही सचोटी किती माणसांत आढळेल? (ह्या वैद्यबुवांची फी मात्र मूळ किंमतींत धरलेली नसते; ती निराळी मोजावी लागते.)

तथापि हा वैद्य घरचाच, घराबाहेरचें त्याला दिसत नाहीं. ह्याच धर्तीची एक मौज 2008 सालच्या अखेरीस पुष्कळांनीं चित्रफितींत पाहिली. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींतील ब्रेंडन ग्रेग हे डिस्कांच्या कपाटाशीं तोंड नेऊन मोठ्यानें ओरडले, आणि त्याच क्षणीं पडद्यावरील आलेखांत डिस्कांची दिरंगाई एकदम उंच उडाली. आवाजाच्या कंपानें डिस्कांचें काम चुकत होतें. यंत्रानें डिस्क मंदावल्याचें अचूक सांगितलें. पण समोर कोणी ओरडत आहे, हें त्याला कसें कळावें? त्याचप्रमाणें विलंब बाहेरच्या तारांत किंवा दुसऱ्या संगणकांत असेल, तर एडीडीएम आपला रोगी ठणठणीत आहे असेंच सांगेल, आणि त्याच्यापुरतें तें खरेंही असेल.

त्या रात्रीं मात्र विलंब घरांतच होता. दोनच्या सुमारास चिरंजीवांनीं निदानपत्र उघडलें. पहिलाच दोष असा, कीं निम्म्याहून अधिक वेळ नुसता वाक्यें समजून घेण्यांतच जात होता. डेटाबेसला जी आज्ञा द्यावयाची तें एक वाक्य असतें. खातेक्रमांकाची जागा रिकामी ठेवून तें वाक्य एकदां शिकविलें, तर पुढें फक्त क्रमांक भरून भागतें. येथें मात्र कोणी प्रत्येक क्रमांक वाक्यांतच लिहून टाकिला होता. दर खात्यास नवें वाक्य. आणि नवें वाक्य आलें कीं त्याचा अन्वय लावणें पुन्हां पहिल्यापासून. खातीं थोडीं होतीं तोंवर हें खपून गेलें. त्याच आठवड्यांत नव्या शाखांचीं खातीं दाखल झालीं होतीं, आणि सोंग उघडें पडलें. निर्दोष ठिकाणांच्या यादींत डिस्कवरील वाचन-लेखन होतें. नव्या इंडेक्सचा भार पडताच तर तो तेथेंच दिसला असता.

उपाय दोन सुचविले होते. मूळ प्रोग्रॅम सुधारावा. तोंवर एक कळ फिरवून डेटाबेसलाच असे क्रमांक बाजूला काढून वाक्यें एक मानावयास सांगावें. चिरंजीवांनीं कळ फिरविली, आणि पाऊण तासांत उरलेलें काम संपलें.

“तो प्रोग्रॅम लिहिला कोणीं?” मीं सहज विचारलें. निदानपत्रांत हें नसतें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मींच, काका. तीन वर्षांपूर्वीं. घाईंत होतों.”

चारला आमच्या मंडळींनीं बंब पेटविला तेव्हां ते चौघांना पत्र लिहीत होते. निदानपत्र सोबत जोडलें होतें, आणि पहिल्या ओळींत त्या मुलीचें नांव घेऊन क्षमा मागितली होती. पत्र धाडल्यावरही त्यांचें समाधान झालेलें दिसेना. एवढ्या पहांटे तिला फोन करावा किंवा नाहीं, असें त्यांनीं मला विचारलें. सणाचा दिवस आहे, स्नानाला उठलीच असेल, करा, असें मीं म्हटलें. ते फोन घेऊन ओट्यावर गेले; आणि आंत त्यांची काकू उटण्याची वाटी घेऊन खोळंबली.