गळ्यातला पंखा घ्यायचा की ओला पंचा?

शाळांना सुट्ट्या लागल्या, की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. कुणाला चैत्रातली जत्रा करायची असते, कुणाला गणपतीपुळ्याचा समुद्र बघायचा असतो. वर्षभर राबणाऱ्या बाईने दोन दिवस मोकळं हिंडावं, हे आम्हालाही वाटतं. पण सहल येते ती भर उन्हाळ्यात. यंदा गटागटांतून एकच प्रश्न आला : मोबाईलवर गळ्यात घालायचे पंखे, गार राहणारे टॉवेल, बर्फाची जॅकेटं दिसतात, ती गटाच्या पैशातून घ्यावीत का? आज त्यावरच बोलू.

आधी अंग गार कसं होतं ते समजून घेऊ. माठातलं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेरचा ओलावा हवेत उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. आपल्या घामाचंही तसंच. एक लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सात-आठ पट उष्णता तेवढंच पाणी हवेत उडून जाताना ओढून घेतं. म्हणजे नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. अंगावरून निथळून गेलेला घाम गारवा देत नाही.

म्हणून खरेदीआधी एकच गोष्ट बघा : जिथे जायचंय, तिथे धुतलेले कपडे किती वेळात वाळतात? सोलापूर, बीड, चंद्रपूरकडे एप्रिलमध्ये सावलीत टाकलेला पंचाही बघता बघता वाळतो. तिथे अंगावरची ओली वस्तू उत्तम काम करते. कोकणात हवाच दमट. तिथे पंचा ओलाच राहतो आणि घामही वाळत नाही. पारा कमी असला, तरी जीव कासावीस होतो.

पारा कमी म्हणून गाफील राहू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला. तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. आपण म्हणू, ३८ म्हणजे आमच्याकडे रोजचंच. पण उष्माघाताने तिथे दहाहून जास्त माणसं दगावली. दमट हवा, डोक्यावर सावली नाही आणि तासन् तास बसणं, हे तिन्ही एकत्र आलं.

आता एकेक वस्तू बघू.

गार टॉवेल : भिजवायचा, पिळायचा, झटकायचा आणि मानेवर टाकायचा. काही टॉवेल वाळल्यावर पापडासारखे कडक होतात, पुन्हा भिजवले की मऊ होतात. त्यात औषध किंवा जादू नसते, काम पाणीच करतं. आपला सुती पंचा किंवा उपरणं तेच करतं, फक्त लवकर वाळतं. कोरड्या भागात जात असाल, तर पंचा आणि पाण्याची बाटली पुरे. वेगळा खर्च नको.

गळ्यातला पंखा : याची किंमत काही शे रुपयांपासून हजाराच्या वर जाते. तो हवा गार करत नाही, आहे तीच हवा फिरवतो. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेर ४२ असेल आणि अंग कोरडं असेल, तर पंखा गरम झळच मारतो. मान-तोंड ओलं करूनच तो लावावा. दमट हवेत मात्र तो घाम वाळायला थोडी मदत करतो. घेताना वजन बघा, एका चार्जिंगवर किती तास चालतो ते विचारा. पाती उघडी असतील, तर केस आणि मंगळसूत्र अडकण्याची भीती. आणि बॅटरीची वस्तू उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

बर्फाचं किंवा जेलचं जॅकेट : खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. जेल जॅकेटातला पदार्थही असाच ठरावीक तापमानाला वितळतो आणि वितळताना अंगाची उष्णता घेतो. हे दमट हवेतही चालतं. पण ते जड असतं, तास-दोन तासांत उतरतं आणि पुन्हा गोठवायला फ्रिज किंवा बर्फाची पेटी लागते. सहलीला प्रत्येकीसाठी जॅकेट घेणं परवडणारं नाही. त्याऐवजी गाडीत बर्फाची एक पेटी ठेवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ मानेवर, काखेत धरता येतो. बर्फ थेट कातडीवर दाबून धरू नका.

आणि सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे अंगातली साडी. सहलीला म्हणून आपण ठेवणीतली सिंथेटिक, गडद साडी काढतो, वर घट्ट ब्लाउज. घाम आतच कोंडतो. कापडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. शोषून पसरला तर ते कापड बरं, तसाच घरंगळला तर ते घरी ठेवा. फिकी, सैल सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस, रुंद काठाची टोपी किंवा छत्री, एवढं आधी जमवा.

एक बोलायला अवघड गोष्टही सांगतो. वाटेत संडासाची सोय नाही, म्हणून आपण पाणीच पीत नाही. पाणी नाही तर घाम नाही, आणि घाम नाही तर कुठलाच पंखा वाचवत नाही. म्हणून सहल ठरवताना थांबे आधी ठरवा, बाईला उतरता येईल असे. दुपारी १२ ते ३ सावलीत बसा.

कुणाला चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले, तर सावलीत न्या, ओआरएस द्या. कुणी असंबद्ध बोलू लागली, शुद्ध हरपली किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर लगेच १०८ला फोन करा. गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला आणि काखेत बर्फ लावा. बेशुद्ध बाईच्या तोंडात पाणी घालू नका.

तेव्हा पुढच्या बैठकीत यादी कराल, तेव्हा क्रम असा ठेवा : सुती कपडे, पाणी, ओआरएस, पंचे, बर्फाची पेटी. समुद्राकडे जात असाल आणि पैसे उरलेच, तर दोन-तीन पंखे गटात मिळून घ्या. ते आधी वयस्क आणि गरोदर बायकांच्या गळ्यात जाऊ द्या. सहल सुखाची होवो.