गॅरेजमधील मांडणी : विकत घ्यावी की घडवावी?

म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, कावेरीच्या वळणावर तलकाड वसले आहे. एकेकाळी ही गंग राजघराण्याची राजधानी होती. बाराव्या शतकात होयसळ राजा विष्णुवर्धन याने येथे कीर्तिनारायणाचे मंदिर उभारले. पुढे नदीकाठची वाळू वाऱ्याबरोबर येऊन साचत गेली आणि गावातील अनेक मंदिरे तिच्याखाली गेली. ती उकरून मोकळी करावी लागली. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूला जमिनीपासून काय धोका असतो, हे या गावाला निराळे सांगावे लागत नाही.

अशा गावातील, किंवा नदीकाठच्या कोणत्याही गावातील, घराची गॅरेजची खोली डोळ्यांसमोर आणावी. गाडी एका बाजूला, आणि उरलेल्या जागेत पुढील हंगामाच्या बियाण्याची पोती, फवारणीचा पंप, रंगाचे डबे, मुलांची जुनी पुस्तके व कागदपत्रांची पेटी. सारे काही जमिनीवर. पावसाळ्यात खालून ओल चढते, मागोमाग वाळवी आणि उंदीर येतात. पोतेभर बियाणे वाया गेले, तर ते नुकसान मांडणीच्या खर्चाहून मोठे ठरू शकते. म्हणूनच मर्यादित पैशांत मांडणी विकत घ्यावी की घडवून घ्यावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी विचारपूर्वक सोडविण्याजोगा आहे.

आधी वजन, मग माप

बहुतेक कुटुंबे भिंतीचे माप घेऊन दुकानात जातात. वस्तुतः प्रथम वजनाची यादी करावयास हवी. तेलाचे तीन मोठे डबे म्हणजे सुमारे ४५ किलो, तांदळाची २५ किलोची दोन पोती म्हणजे ५० किलो. एवढ्यानेच एका फळीवर ९५ किलो भार येतो. जुन्या कपड्यांच्या खोक्यांना मात्र हलकी फळी पुरते.

फळी वाकण्यामागचे गणित सोपे आहे. तेवढेच वजन दोन आधारांमधील अंतर दुप्पट करून ठेवले, तर फळी आठपट वाकते. उलट, १२ मिलिमीटरऐवजी त्याच प्रतीची १८ मिलिमीटर जाडीची फळी घेतली, तर वाकण्याचे प्रमाण तिपटीहून अधिक कमी होते. सहा फूट लांबीच्या एका देखण्या फळीपेक्षा तीन-तीन फुटांवर आधार दिलेली साधी फळी अधिक काळ सरळ राहते, ती यामुळेच.

तयार रॅक

लोखंडी तयार रॅकचा मोठा गुण म्हणजे तो उघडून पुन्हा जोडता येतो. बदलीची नोकरी असलेल्या किंवा भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबास हाच पर्याय सोयीचा पडतो. खरेदी करताना तीन गोष्टी विचाराव्यात : पत्र्याची जाडी किती, प्रत्येक फळीची भारक्षमता किती, आणि ती क्षमता भार सर्वत्र सारखा पसरला असता सांगितली आहे काय. सर्व भार फळीच्या मधोमध आल्यास तीच फळी बरेच कमी वजन पेलते. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या असाव्यात. त्या नसल्यास रॅक बाजूला झुकू लागतो.

बंद झालेल्या दुकानांतील जुने रॅकही स्वस्तात मिळतात. गंज वरवरचा असेल तर घासून रंगविता येतो. खांब वाकलेला असेल तर मात्र तो रॅक घेऊ नये.

घडविलेली मांडणी

खोली स्वतःची असेल आणि जागा वेडीवाकडी असेल, तर घडविलेली मांडणी उत्तम बसते. प्लायवूड वापरताना माप तुकड्याच्या हिशेबाने ठरवावे. आठ फूट बाय चार फुटांच्या एका तुकड्यातून ३६ बाय १८ इंचांच्या पाचच फळ्या निघतात आणि जवळजवळ तीस टक्के माल उरतो. माप ३२ बाय १६ इंच धरले, तर करवतीची किंचित घट वगळता त्याच तुकड्यातून नऊ फळ्या निघतात. चार इंचांच्या तडजोडीत एवढी बचत होते. ओलसर जागेत साध्या कमर्शियल प्लायपेक्षा 'आयएस ७१०' मानकाचे मरीन प्लाय टिकाऊ असते, परंतु ते महाग पडते. खालच्या दोन फळ्यांपुरतेच ते वापरले तरी काम भागते.

मराठी घरांना परिचित असलेल्या कडप्प्याच्या फळ्या कर्नाटकातही वापरल्या जातात. त्यांना वाळवी लागत नाही आणि त्या गंजत नाहीत. मात्र तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि २५ मिलिमीटर जाड अशा एका फळीचेच वजन सुमारे २३ किलो भरते. ती भिंतीत नीट रोवावी किंवा विटांच्या खांबांवर टेकवावी लागते. शिवाय एकदा बसविली की ती त्या घराचीच झाली.

मधला मार्ग

या दोन पर्यायांच्या मधला एक मार्ग आहे आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. लंडनमध्ये छपाईचा व्यवसाय करणाऱ्या डेमेट्रियस कोमिनो या अभियंत्याला आपल्या छापखान्यात गरजेनुसार मांडण्या पुनःपुन्हा मोडून बांधाव्या लागत. त्यातून त्यास छिद्रे पाडलेल्या लोखंडी अँगलची कल्पना सुचली आणि १९४७ मध्ये 'डेक्सियन' या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. आज आपल्या बाजारात 'स्लॉटेड अँगल' म्हणून मिळतो तो हाच प्रकार. असे अँगल लांबीप्रमाणे किंवा वजनावर विकत घ्यावेत, नट-बोल्टने घरीच जोडावेत आणि वर प्लायच्या फळ्या टाकाव्यात. सांगाडा विकतचा, मांडणी घरची! पुढे गरज बदलली तर फळी वर-खाली करता येते.

रेताड जमीन, उंच रॅक

जमीन रेताड असेल किंवा फरशी पोकळ असेल, तर अँगलचे अरुंद पाय हळूहळू रुततात आणि रॅक कलतो. प्रत्येक पायाखाली लोखंडी चौकोनी पट्टी किंवा फरशीचा सपाट तुकडा ठेवावा. लाकूड थेट जमिनीला टेकू देऊ नये. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर ठेवल्यास ओल आणि वाळवी वेळीच दिसते.

सहा फूट उंच आणि १५ इंच खोल रॅकची उंची खोलीच्या पाचपटीच्या जवळ जाते. असा रॅक भिंतीला पक्का जखडलाच पाहिजे, मग तो विकतचा असो वा घरचा. जड वस्तू खाली आणि हलक्या वर ठेवाव्यात. कीटकनाशके कुलपात आणि धान्यापासून दूर असावीत. मुले फळ्यांना शिडी समजतात, हे विसरता कामा नये.

खर्चाचा खरा हिशेब

तुलना करताना केवळ मालाची किंमत धरू नये. उदाहरणादाखल, समजा तयार रॅक वाहतुकीसह ६,००० रुपयांना पडतो. घरी घडविताना माल ३,४०० रुपये, कापणी व वाहतूक ६०० रुपये, बोल्ट व रंग ५०० रुपये आणि ड्रिल यंत्राचे भाडे ३०० रुपये धरल्यास बेरीज ४,८०० रुपये होते. बचत १,२०० रुपयांची दिसते. परंतु त्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडणार असेल, किंवा कापताना एक तुकडा वाया गेला, तर ही बचत उरेलच असे नाही. सुट्टीचे दिवस हाताशी असतील आणि कामाची आवड असेल, तर हिशेब निराळा होतो.

एवढ्या रकमेसाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही. क्रेडिट कार्डावर खरेदी करून केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास थकबाकीवर महिन्याला तीन टक्क्यांहूनही अधिक व्याज लागू शकते. ६,००० रुपयांवर तीन टक्क्यांनी महिन्याला १८० रुपये होतात. त्यापेक्षा दरमहा १,००० रुपयांची सहा महिन्यांची आवर्ती ठेव ठेवावी. तोवर जमिनीवरील पोत्यांखाली विटा व जुनी फळी टाकून काम भागवावे, आणि त्या सहा महिन्यांत खरोखर कोणत्या वस्तू ठेवण्याजोग्या आहेत, तेही पाहून घ्यावे.

थोडक्यात, बदली संभवत असेल तर विकत घ्यावे. घर स्वतःचे व जागा वेडीवाकडी असेल तर घडवावे. निश्चय होत नसेल तर अँगल विकत आणून फळ्या घरी बसवाव्यात. मात्र निर्णय कोणताही असो, पावसाळ्यापूर्वी तो अमलात यावा. ओल आणि वाळवी कोणाच्या सवडीची वाट पाहत नाहीत.