चित्रपटपरीक्षण

चित्रपटपरीक्षण : नव्याने प्रदर्शित झालेला चित्रपट पाहून त्याच्या गुणदोषांविषयी सकारण मांडलेले मत. नियतकालिकांतील लेख हे त्याचे सर्वपरिचित रूप असले, तरी चित्रगृहातून बाहेर पडताना दोन प्रेक्षक जे बोलतात किंवा चित्रपट मंडळात खेळानंतर जी चर्चा होते, तीतही परीक्षणाचा अंश असतो. आवडनिवड आणि परीक्षण यांतील भेद कारण देण्या-न देण्यावर अवलंबून आहे. ‘चित्रपट आवडला नाही’ हे विधान मुख्यतः बोलणाऱ्याविषयी काही सांगते. याउलट ‘उत्तरार्धात नायकाचे मन पालटते, परंतु ते पालटावे असे पडद्यावर काहीच घडत नाही’ हे विधान चित्रपटाविषयी आहे व तो पाहिलेल्या दुसऱ्या कोणासही ते पडताळून पाहता किंवा खोडून काढता येते.

परीक्षण, समीक्षा व रसग्रहण हे शब्द मराठीत पुष्कळदा एकाच अर्थी वापरले जातात. मात्र त्यांचा वाचकवर्ग भिन्न असतो. परीक्षण हे चित्रपट न पाहिलेल्या वाचकासाठी असते. तो पाहावा की नाही, हा त्याचा प्रश्न असतो. समीक्षेचा वाचक चित्रपट पाहून आलेला असतो आणि जे पाहिले त्याचा अर्थ काय, हे त्याला हवे असते. यामुळे परीक्षकावर एक विचित्र बंधन येते : ज्या दृश्यावर त्याचे मत आधारलेले असते, नेमके तेच त्याला पुष्कळदा उघड करता येत नाही. उदा., नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) या मराठी चित्रपटात डुक्कर पकडण्याच्या धावपळीत शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर ऐकू येतात आणि जब्याचे कुटुंब हातचे काम टाकून स्तब्ध उभे राहते. पुढे मारलेले डुक्कर वाहून नेले जात असताना मागील भिंतीवर महात्मा फुले, डॉ. आंबेडकर आदींची चित्रे दिसतात आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्याच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या, रोखाने येतो. हा चित्रपट जातिव्यवस्थेविषयी केवळ कणव व्यक्त करीत नाही, तर पाहणाऱ्यालाही जाब विचारतो, हे मत सिद्ध करावयाचे तर या अखेरच्या दृश्याचा निर्देश अटळ ठरतो. समीक्षकाला तो करता येतो. प्रदर्शनाच्या दिवशी लिहिणाऱ्याने तो केल्यास वाचकाचा एक मोलाचा अनुभव हिरावला जातो. सूचक शब्दांत मार्ग काढणे हे परीक्षकाचे खरे कसब होय. कथानक सांगून जागा भरून काढणे, हा या लेखनप्रकारातील सर्वांत जुना व आजही न सुटलेला दोष आहे.

चित्रपटाइतकीच त्याविषयीची मतेही जुनी आहेत. ल्यूम्येअर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्याच सुमारास रशियातील नीझ्नी नॉव्हगोरॉड येथे तसाच खेळ पाहून माक्सिम गॉर्कीने (१८६८–१९३६) स्थानिक वृत्तपत्रात टोपणनावाने लेख लिहिला. पडद्यावरील जग निःशब्द व करड्या रंगाचे आहे, माणसे सावल्यांसारखी वावरतात, या जाणिवेने तो अस्वस्थ झाला होता. तंत्राचे कौतुक करण्याच्या त्या दिवसांत, त्या चित्रांनी पाहणाऱ्याच्या मनाचे काय केले, हे त्याने नोंदविले. म्हणूनच तो लेख अद्याप वाचला जातो. भारतात दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखविला. त्यांत वृत्तपत्रांचे संपादकही होते. नंतर ३ मे रोजी कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी प्रदर्शित झाला. म्हणजे प्रदर्शनापूर्वी वृत्तपत्रांचे मत अजमावण्याची प्रथा आपल्याकडील कथापटाइतकीच जुनी ठरते.

या जुन्या मजकुराला आज निराळेच महत्त्व प्राप्त झाले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व अखेरचे तेवढे उपलब्ध आहे व तेही १९१७ मध्ये फाळके यांनी पुन्हा तयार केलेल्या आवृत्तीतील असावे, असे काही अभ्यासक मानतात. भारतात निघालेल्या हजारांहून अधिक मूकपटांपैकी पूर्णतः वा अंशतः टिकलेले तीसच्या आतबाहेर भरतील. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत ज्ञात नाही. अशा चित्रपटांविषयी आपणास जे काही कळते, ते जाहिराती, स्थिरचित्रे, गीतपुस्तिका व परीक्षणे यांतून. कोणा अनाम लेखकाने एका आठवड्याची सोय म्हणून लिहिलेला अर्धा रकाना त्या चित्रपटाचा एकमेव साक्षीदार ठरतो. त्याने नुसतीच विशेषणे वापरली असतील, तर ती साक्ष निरुपयोगी ठरते. एखादे दृश्य वर्णिले असेल, तर इतिहासकाराच्या हाती काही लागते.

भारतीय भाषांत व इंग्रजीत चित्रपटविषयक नियतकालिके विशेषतः १९३० नंतर वाढली. बाबूराव पटेल (१९०४–८२) यांनी १९३५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या ‘फिल्मइंडिया’ या इंग्रजी मासिकाची परीक्षणे झणझणीत भाषेसाठी गाजली. वाचकांच्या प्रश्नांना पटेल यांनी दिलेली खोचक उत्तरे वाचण्यासाठीच अनेक जण ते मासिक घेत. त्यांच्या लेखणीत निर्भयता होती; परंतु चित्रपटाचे दोष दाखवता दाखवता ती नटनट्यांच्या रूपावर व खाजगी जीवनावर घसरे, हेही नमूद केले पाहिजे. ‘बाँबे क्रॉनिकल’मध्ये चित्रपटांविषयी लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास (१९१४–८७) यांनी सामाजिक आशयाची कसोटी लावली व पुढे ते स्वतःच पटकथालेखक व दिग्दर्शक झाले. टीकाकाराने निर्मितीकडे वळण्याची अशी उदाहरणे अन्यत्रही आढळतात. सत्यजित रे यांनी १९४८ मध्ये ‘स्टेट्समन’मध्ये भारतीय चित्रपटांच्या उणिवांवर लेख लिहिला, तो ‘पथेर पांचाली’च्या सात वर्षे आधी. आंद्रे बाझँ (१९१८–५८) ज्याच्या संस्थापकांपैकी एक होता, त्या ‘काय्ये द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकातील फ्रांस्वा त्र्यूफो आदी तरुण टीकाकारांनीच पुढे फ्रान्समधील ‘नवी लाट’ आणली. मराठीत दैनिकांच्या व साप्ताहिकांच्या परीक्षणांबरोबरच इसाक मुजावर यांच्यासारख्या पत्रकारांनी चित्रपटाचा इतिहास सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला.

परीक्षणाची मुख्य अडचण त्याच्या घाईत आहे. ग्रंथाचा परीक्षक मागची पाने उलटून पाहू शकतो. चित्रपटाचा परीक्षक, निदान ध्वनिचित्रफिती येण्यापूर्वी, अंधारात एकदाच पाहिलेल्या व थांबवता न येणाऱ्या दृश्यांच्या आठवणीवर विसंबून लिहीत असे. त्यामुळे चुकीची मते नोंदली जाणे अपरिहार्यच होते. ‘पथेर पांचाली’ (१९५५) हा १९५६ च्या कान महोत्सवात प्रथम दाखविला गेला, तेव्हा उपस्थिती तुरळक होती. काही समीक्षकांनी आग्रह धरल्यामुळे त्याचा पुन्हा खेळ झाला आणि त्याला ‘मानवी जीवनाचा सर्वोत्तम दस्तऐवज’ म्हणून पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये तो न्यूयॉर्कला आला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉझ्ली क्राउदरला त्याची रचना विस्कळीत, जवळजवळ कच्च्या संकलनासारखी वाटली. त्या नगरातील एका चित्रगृहात तो नंतर सुमारे आठ महिने चालला.

याच क्राउदरने १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ या चित्रपटावर त्यातील हिंसेमुळे कडाडून टीका केली. ‘न्यूजवीक’चा परीक्षक जो मॉर्गेनस्टर्न यानेही प्रतिकूल लिहिले होते, परंतु काही दिवसांनी त्याने तो सामान्य प्रेक्षकांसमवेत पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात दुसरे परीक्षण लिहून आपले पहिले मत मागे घेतले. पॉलीन केलने (१९१९–२००१) ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्या चित्रपटाचे समर्थन करणारा दीर्घ लेख लिहिला. १९६८ च्या प्रारंभी क्राउदर त्याच्या पदावरून दूर झाला. या प्रकरणात क्राउदरचा पराभव झाला असे सहसा सांगितले जाते. ते अर्धवट आहे. त्याने हिंसेविषयी उपस्थित केलेला प्रश्न रास्त होता. ती हिंसा चित्रपटात कोणते कार्य करते, हे त्याने पाहिले नाही. मॉर्गेनस्टर्नची कृती मात्र या व्यवसायात दुर्मिळ आहे. मत बदलणारे पुष्कळ असतात. ते त्याच पानावर कबूल करणारे थोडे.

काळाच्या ओघात मते कशी पालटतात, याची एक दीर्घ नोंद ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी घेतलेल्या कौलात सापडते. १९५२ मध्ये ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ (१९४८) अग्रस्थानी होता आणि ‘सिटिझन केन’ (१९४१) पहिल्या दहांतही नव्हता. १९६२ ते २००२ पर्यंतच्या पाचही कौलांत तोच पहिला आला. प्रदर्शनाच्या वेळी संमिश्र प्रतिसाद लाभलेला हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) हा २०१२ मध्ये, तर शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा ‘झान दिएलमान’ (१९७५) हा २०२२ मध्ये प्रथम क्रमांकावर आला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) प्रदर्शनाच्या वेळी सपशेल अपयशी ठरला व त्यानंतर एकाही चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून त्यांनी आपले नाव घातले नाही. त्या चित्रपटाच्या पुनर्मूल्यांकनात अरुण खोपकर यांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या मराठी ग्रंथाचा वाटा मोठा आहे. चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट ग्रंथाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. गुरुदत्त १९६४ मध्येच निवर्तले होते.

मते बोलून, ऐकून व वाद घालून घडावीत, या हेतूने चित्रपट मंडळांची चळवळ निघाली. फ्रान्समध्ये लुई देल्युक (१८९०–१९२४) याने १९२० च्या सुमारास ‘सिने-क्लब’ची कल्पना पुढे आणली, लंडनची फिल्म सोसायटी १९२५ मध्ये स्थापन झाली. सत्यजित रे, चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी १९४७ मध्ये कलकत्त्यात फिल्म सोसायटी सुरू केली व १९५९ मध्ये अशा संस्थांचा भारतीय महासंघ उभा राहिला. मुंबईतील प्रभात चित्र मंडळ (१९६८) हे मराठी भाषकांमधील या चळवळीचे प्रमुख केंद्र होय. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० मध्ये चित्रपटविषयक शिक्षणसंस्था व १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर रसग्रहणाला शिस्तबद्ध अभ्यासाचे रूप आले. प्रा. सतीश बहादूर व संग्रहालयाचे पी. के. नायर (१९३३–२०१६) यांच्या प्रयत्नांतून १९७० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या रसग्रहण वर्गांमुळे शिक्षक, पत्रकार, डॉक्टर, गृहिणी अशा नाना व्यवसायांतील लोकांनी एखादे दृश्य पुनःपुन्हा पाहून त्याविषयी बोलण्याची सवय लावून घेतली. या चर्चांत वक्तृत्वाचा सोस व परदेशी नावांचा भडिमार होई, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. परंतु आपले मत इतरांच्या देखत मांडून ते टिकते का हे पाहण्याची दुसरी जागा त्या काळी नव्हती.

मत आकड्यांत सांगण्याची प्रथा न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने १९२८ मध्ये परीक्षणासोबत तारे छापून सुरू केली. १९९८ मध्ये निघालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’ या अमेरिकन सेवेने शेकडा प्रमाण आणले. मात्र त्याचा अर्थ सहसा चुकीचा लावला जातो. अनुकूल परीक्षणांचे एकूण परीक्षणांशी असलेले प्रमाण तेवढे त्यात दिलेले असते. दहापैकी दहा परीक्षकांनी ‘बरा आहे’ असे म्हटले, तर आकडा शंभर येतो. सहांना चित्रपट असामान्य व चौघांना असह्य वाटला, तर साठ. वाद निर्माण करणाऱ्या चित्रपटापेक्षा कोणालाच न दुखावणारा चित्रपट अशा मोजणीत वर चढतो.

वृत्तपत्रांचे जाहिरातींवरील अवलंबन, निर्मात्यांचा रोष, खास खेळांची निमंत्रणे यांचे दडपण परीक्षणावर नेहमीच राहिले आहे. हिचकॉकने ‘सायको’च्या (१९६०) वेळी परीक्षकांसाठी आगाऊ खेळच ठेवला नाही, रहस्य फुटू नये हे त्याचे कारण होते. प्रतिकूल मताला कायद्याचे संरक्षण मात्र बरेच जुने आहे. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ मधील सहाव्या अपवादानुसार, कर्त्याने लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणावगुणांविषयी सद्‌भावाने व्यक्त केलेले मत ही बदनामी ठरत नाही. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये कायम आहे. कर्त्याच्या स्वभावाविषयीचे मतही या अपवादात बसते. परंतु तो स्वभाव त्या कृतीतून जेवढा दिसतो तेवढ्यापुरतेच. पुस्तक मूर्खपणाचे आहे, त्यावरून लेखकही दुबळ्या बुद्धीचा असावा, असे म्हणण्यास मुभा आहे. लेखक मुळात दुबळा व स्वैराचारी आहे, तेव्हा पुस्तक असे निघाले यात नवल नाही, असे म्हणण्यास नाही, कारण हे दुसरे मत पुस्तकावर आधारलेले नसते. कायद्यातील हा दाखला ग्रंथाचा असला, तरी चित्रपटालाही तो तंतोतंत लागू पडतो. परीक्षणासाठी चित्रपटातील अंश उचित प्रमाणात उद्‌धृत करणे हा स्वामित्वहक्काचा भंग होत नाही, असे १९५७ च्या अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये म्हटले आहे.