छपरावरच्या विजेचा खरा हिशेब

धाराशिव जिल्ह्याबाबत पावसाने नेहमीच हात आखडता घेतला. ऊन मात्र भरभरून मिळाले. बालाघाटाच्या माळांवर पवनचक्क्या फिरत आहेत, कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रात महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. डाळमिल, तेलघाणे, हॉटेले यांच्या पत्र्यांवरही आता पॅनेल दिसू लागली आहेत. पॅनेल बसवण्याआधी प्रत्येक व्यावसायिकाचा प्रश्न एकच असतो: आपल्याच जागेत वीज तयार केली तर वर्षाकाठी किती पैसे वाचतील? सहसा मिळणारे उत्तर सोपे असते. वर्षात तयार होणारी युनिट घ्या, बिलातल्या सरासरी दराने गुणा, झाली बचत. हे गणित फसवे आहे आणि त्यावर कर्ज काढणे धोक्याचे आहे.

पॅनेल किती वीज देते?

पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते. प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस, अशा स्थितीत ती मोजतात. मे महिन्यात दुपारी पत्र्यावरच्या पॅनेलमधील घट ६० अंशांपर्यंत तापतो. तापमान एका अंशाने वाढले की सिलिकॉन घटाची वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणजे ऐन उन्हात दहा-बारा टक्के वीज केवळ उष्णतेपायी जाते. उन्हाचा चटका वाढला म्हणून वीज वाढत नाही. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. त्यात धूळ, पावसाळी ढग, तारांमधली आणि इन्व्हर्टरमधली गळती धरली, तर आपल्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला जेमतेम चार युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे १४०० युनिट धरणे शहाणपणाचे. पुढे दरवर्षी त्यात अर्धा टक्का घट धरावी.

बिलातली कोणती ओळ कमी होते?

औद्योगिक वीजबिल म्हणजे अनेक आकारांची बेरीज असते. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार वापरलेल्या युनिटांवर लागतात. मागणी आकार मात्र तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेता यावर ठरतो. संध्याकाळी सातला सगळी यंत्रे सुरू असतील, तर दिवसभर पॅनेलने कितीही वीज दिली तरी हा आकार फारसा हलत नाही. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून काढलेल्या सरासरी दरात हा न हलणारा भागही मिसळलेला असतो. बचत तिथेच फुगते.

दुसरी मेख वेळेची आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या अलीकडच्या दररचनेत उद्योगांना दिवसाची, सौर तासांची वीज स्वस्त आणि संध्याकाळनंतरची महाग ठेवली आहे. पॅनेल नेमकी स्वस्त तासांतली युनिट वाचवते. म्हणून बचत त्या तासांच्या दरानेच मोजायला हवी.

एक उदाहरण घेऊ. दर आणि खर्च केवळ समजण्यासाठी धरले आहेत. एका डाळमिलने ५० लाख रुपये घालून १०० किलोवॅटचा संच बसवला. वर्षाला १,४०,००० युनिट तयार होतील. बिलाचा सरासरी दर १० रुपये धरला तर बचत १४ लाख, आणि साडेतीन वर्षांत पैसे वसूल! आता नीट पाहू. सुट्या आणि हंगामाबाहेरचे दिवस वगळता मिल स्वतः १,००,००० युनिटच वापरते. त्या प्रत्येक युनिटामागे खरोखर टळणारा खर्च ८ रुपये, म्हणजे ८ लाख. उरलेली ४०,००० युनिट महावितरणच्या जाळ्यात जातात. त्यांना ३ रुपये मोल मिळाले तर १ लाख २० हजार. धुलाई, विमा, देखभाल यांचे ६० हजार वजा केले की हाती ८ लाख ६० हजार राहतात. भांडवल वसूल व्हायला सहा वर्षांच्या आसपास लागतील, कर्जाचे व्याज वेगळे. पॅनेल पंचवीस वर्षे चालते, मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलावा लागतो. तेव्हा हा सौदा अजूनही चांगलाच आहे. फक्त कर्जाचा हप्ता १४ लाखांच्या भरवशावर बांधला, तर चांगला संचही मालकाला अडचणीत आणतो.

वीज गेली तर?

अनेकांना वाटते की पॅनेल आले की डिझेल जनरेटर सुटला. एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन-साडेतीन युनिट मिळतात. लिटरला ९० रुपये धरले तरी नुसत्या इंधनाचाच खर्च युनिटमागे २५ रुपयांवर जातो. इथे बचत मोठी दिसते, पण नेहमीचा जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून बंद होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला उलट्या दिशेने आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही व्यवस्था आवश्यकच आहे. डिझेल वाचवायचे तर बॅटरी किंवा जनरेटरशी मेळ घालणारा नियंत्रक लागतो. त्याचा खर्चही हिशेबात धरायला हवा.

गरज विजेची की उष्णतेची?

भूम, वाशी भागातल्या खवाभट्ट्यांचे उदाहरण पाहा. पाच लिटर दुधातून साधारण एक किलो खवा निघतो, म्हणजे चार लिटर पाणी वाफ करून उडवावे लागते. एक लिटर पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात आणि एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. दूध उकळीला आणण्यासह हिशेब केला, तर किलोभर खव्याला किमान तीन युनिटांएवढी उष्णता लागते. ढवळणी यंत्राच्या मोटारीची वीज त्यापुढे अगदी थोडी. तिथे मोटारीपुरते पॅनेल बसवून सरपणाचा खर्च घटणार नाही. आधी भट्टीची उष्णता कुठे वाया जाते ते पाहावे.

उष्णता आणि वीज दोन्ही लागणाऱ्या ठिकाणी मात्र जागेवरची वीजनिर्मिती खुलते. कळंब तालुक्यातल्या रांजणीच्या नॅचरल शुगरसारखे कारखाने सहवीजनिर्मिती करतात ती याच कारणाने. एक टन उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस (उसाचा चोथा) निघते, त्यात निम्मे पाणी असते. ती जाळून उच्च दाबाची वाफ तयार करतात. ही वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर तीच रस आटवायला जाते. एका इंधनाची दोन कामे होतात. स्वतःची गरज भागवून उरलेली वीज विकता येते. पण बगॅस फुकट धरू नये, कारण तिला बाजारात भाव आहे. शिवाय दुष्काळात ऊसच नसेल तर टर्बाइन थांबते. मराठवाड्यात २०१६ च्या दुष्काळानंतर ऊस इतका घटला की अनेक कारखान्यांचे गाळप कोलमडले. म्हणून दहा वर्षांच्या अंदाजात एक-दोन वर्षे कोरडी धरलीच पाहिजेत.

धाराशिवच्या व्यावसायिकांना त्यामुळे एवढेच सांगणे आहे: कोटेशनवर सही करण्यापूर्वी बारा महिन्यांची बिले समोर घ्या. सौर तासांत तुम्ही किती युनिट वापरता ते काढा, मागणी आकार बाजूला ठेवा आणि विक्रेत्याकडून पहिल्या वर्षाच्या उत्पादनाची हमी लेखी घ्या. एवढे करूनही हिशेब जमत असेल, तर निर्धास्तपणे संच बसवा.