गुंगी किती, हे रोज ठरायला हवं

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडलेली बारा वर्षांची एक मुलगी मृत्यूशी झुंजत होती. गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत नळी बसवली, तरी ती घुसमटून इतकी धडपडत होती की रबरी फुग्यातून दाबलेली हवा आत शिरेना. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी तिला थायोपेंटाल दिलं. धडपड थांबली, तिचा स्वतःचा तोकडा श्वासही थांबला आणि मग छाती फुग्याच्या तालावर वरखाली होऊ लागली. मुलगी वाचली. त्या साथीत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांना हाताने श्वास दिला आणि त्यातूनच आजचा आयसीयू उभा राहिला. गुंगीचं औषध तिथे पहिल्या दिवसापासून आहे.

त्याची गरज आजही तितकीच खरी आहे. घशातली नळी बोचते, ठसका आणते, बोलू देत नाही. श्वास देणारं यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, आणि माणूस यांचे श्वास एकमेकांवर आदळले की ऑक्सिजन खालावतो. पण बाहेर बाकावर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना 'पेशंटला झोपवून ठेवलंय' असं सांगितलं जातं, तेव्हा त्यांना वाटतं, चला, निदान विश्रांती तरी मिळतेय. इथेच मोठी गफलत होते. औषधाच्या गुंगीत मेंदूच्या नैसर्गिक झोपेचे टप्पे मोडतात. दिवसच्या दिवस डोळे मिटून पडलेला माणूस झोपेवाचून तळमळलेलाच असू शकतो.

औषधंही एकसारखी नसतात. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल बंद केलं की सहसा लवकर उतरतं. मिडॅझोलाम मात्र अनेक दिवस चालू राहिलं तर शरीरात साचत जातं आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर बंद केल्यावरही रुग्ण लवकर जागा होत नाही. डेक्समेडेटोमिडीनवर असलेला माणूस हाक मारली की डोळे उघडतो. आणि यांपैकी कशावरही वेदना पूर्णपणे सोपवता येत नाही. तिच्यासाठी फेंटानिलसारखं वेदनाशामक आधी द्यायचं, गुंगीचा विचार त्यानंतर, हा आता मान्य झालेला क्रम आहे.

मग गुंगी किती? त्यासाठी मोजपट्टी आहे. शांत आणि जागा म्हणजे शून्य, अंगावर धावून येणारा म्हणजे अधिक चार, हलवूनही प्रतिसाद न देणारा म्हणजे उणे पाच. सिस्टर नावाने हाक मारतात, नजर ठरते का पाहतात, गरज पडली तर खांदा हलवतात आणि आकडा लिहितात. बहुतेक रुग्णांना शून्याच्या आसपास, हाकेला ओ देण्याइतकं जागं ठेवता येतं. हे काम माणसांचं आहे. एका सिस्टरच्या वाट्याला जास्त खाटा आल्या की गाढ गुंगी सोयीची वाटू लागते. त्या सोयीची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून हा प्रश्न मला निव्वळ औषधांचा वाटत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००० साली १२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाचं गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागं होऊ दिलं. दुसऱ्या गटाचा व्हेंटिलेटरवरचा मुक्काम ७.३ दिवसांचा होता, या गटाचा ४.९ दिवसांचा. 'हा शुद्धीवर का येत नाही' या शंकेपोटी होणाऱ्या तपासण्याही घटल्या. जागं केलं तर रुग्ण नळी ओढून काढतील ही भीती सगळ्यांनाच होती, पण तसे प्रकार लक्षणीय वाढले नाहीत.

जास्त गुंगीचा दुसरा फटका भ्रमाचा. अमेरिकेत नॅशव्हिलच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये ८२१ गंभीर रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतल्या ७४ टक्क्यांना रुग्णालयात कधी ना कधी भ्रम झाला होता. भ्रम जितका लांबला, तितकी पुढे स्मृती आणि विचारशक्ती दुबळी आढळली. कोणाला नर्स विष देतेय असं वाटतं, कोणाला आपण कैदेत आहोत असं. घरी आल्यावरही ही चित्रं पाठ सोडत नाहीत आणि 'आता बरा झालास ना' म्हणणाऱ्या घरच्यांना ती सांगायची कशी, हे रुग्णाला कळत नाही.

काहींना गाढ गुंगी लागतेच. मेंदूवरचा दाब वाढलेला, फिट थांबत नसलेली, फुफ्फुसं इतकी निकामी की स्नायू शिथिल करून पालथं झोपवावं लागतं. स्नायू शिथिल करण्याआधी तर गुंगी पुरेशी आहे याची खात्री हवीच, नाहीतर माणूस आत जागा आणि बाहेरून निश्चल, असं भयंकर घडू शकतं.

म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना रोज विचारावं: आज गुंगी कमी करून पाहिलीत का? करता येत नसेल तर कशामुळे? भेटीच्या वेळेत आत सोडलं की चष्मा आणि कानाचं यंत्र घेऊन जावं, सिस्टरांना विचारून लावावं. हात हातात घ्यावा आणि साधं बोलावं: 'आई, मी आलोय. आज रविवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. तोंडात नळी आहे ना, म्हणून बोलता येत नाहीये. ती नंतर काढणार आहेत.' ती विसरेल, उद्या पुन्हा सांगावं.