काय पालटलं, किती भिनलं?

रोह्याशेजारच्या धाटावमध्ये ‘कन्व्हर्जन’ हा एकच इंग्रजी शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात त्याचा अर्थ असा: रिअ‍ॅक्टरमध्ये घातलेल्या कच्च्या मालापैकी किती टक्के मालाची अभिक्रिया झाली. जमिनीच्या व्यवहारात तोच शब्द शेतजमीन बिगरशेती होण्यासाठी येतो. लोक नुसतं ‘एन.ए. झाली’ म्हणतात. कारखान्यात मूळ पदार्थाचे गुणधर्म जाऊन नवा पदार्थ तयार होतो. जमिनीच्या बाबतीत मात्र मातीचा कणही हलत नाही. त्या मातीवर काय करायला परवानगी आहे, एवढंच पालटतं. आपण दोन्हींना ‘रूपांतर’ म्हणून मोकळे होतो, आणि जाहिरातीतलं ‘ट्रान्सफॉर्मेशन’ दिसलं की ‘परिवर्तन’ ठरलेलं. असे शब्द मराठीत आणताना कोशातला पहिला प्रतिशब्द उचलण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: नेमकं काय पालटलं, आणि ते किती खोल गेलं? मराठीच्या घडणीतच हे प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘अंतर’ लागलेल्या शब्दांत सापडतं. संस्कृतातून आलेल्या या समासांत ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. दुसरं नाव ते नामांतर, दुसरं स्थळ ते स्थलांतर. तसंच वेषांतर, पक्षांतर, सत्तांतर, धर्मांतर, भाषांतर. काय बदललं हे शब्दाच्या पूर्वार्धातच सांगावं लागतं. 1 जानेवारी 1981 रोजी कुलाबा जिल्हा रायगड झाला, तेव्हा झालं ते नामांतर. डोंगर, खाड्या आणि भातखाचरं होती तिथेच होती. जमिनीवरचा हक्क एकाकडून दुसऱ्याकडे गेला की तलाठी गाव नमुना 6 मध्ये ‘फेरफार’ नोंदवतो. इंग्रजीत ही नोंद ‘म्युटेशन’. जीवशास्त्रातलं म्युटेशनही इंग्रजीत त्याच नावाचं, पण मराठीत ते ‘उत्परिवर्तन’ आहे. हक्कदाराचं नाव पालटणं आणि विषाणूची जनुकीय रचना पालटणं यांत मराठी वाचकाचा घोटाळा होत नाही, कारण कुणीतरी आधी विचार करून दोन शब्द वेगळे ठेवले. विजेचा ‘ट्रान्सफॉर्मर’ही तसाच. त्यातून वीज विजेच्याच रूपात बाहेर पडते, कमीजास्त होतो तो दाब. महावितरणच्या मराठीत त्याला ‘रोहित्र’ म्हणतात, म्हणून रूप पालटल्याचा चकवा तिथे उरत नाही.

यावर कुणी म्हणेल की इंग्रजी काही कंगाल भाषा नाही. खरंच आहे. ‘ट्रान्सफॉर्म’मध्ये आकार पालटणं आहे, ‘कन्व्हर्ट’च्या लॅटिन मुळाशी वळणं आहे, ‘ट्रान्सलेट’मध्ये पलीकडे नेणं आहे. दोष इंग्रजीचा नसून तिच्या भांडारातले दोनतीन चकचकीत शब्द उचलून सगळीकडे वापरण्याच्या आपल्या सवयीचा आहे. दुसरा आक्षेप शुद्धतेचा असेल, तर तो या लेखाला लागूच होत नाही. ज्याला आपण घरचा मानतो तो ‘बदल’ मुळात अरबी. एकाच्या जागी दुसरं येणं हा त्याचा जुना अर्थ ‘बदली कामगार’ या शब्दात अजून जिवंत आहे. परका शब्द अर्थ घेऊन आला, तर त्याला हरकत नाही. अर्थ झाकायला आला, तर आहे.

असं झाकणं ‘रेक्लमेशन’मध्ये दिसतं. शब्दाच्या घडणीतच आपलं काही परत मिळवल्याचा सूर आहे, जणू समुद्रानेच आधी आपली जमीन बळकावली होती. पेणच्या खारेपाटातली भाषा असा दावा करत नाही. बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की ती खारभूमी. उधाणाने बांध फोडला की ‘खांड’ पडली. खाजणात माती टाकली तर तो ‘भराव’. कुणी काय टाकलं आणि ते कुठे टाकलं, हे विचारायला ‘भराव’ वाव देतो; ‘रेक्लमेशन’ तो प्रश्न आधीच निकालात काढतो.

दुसरा प्रश्न खोलीचा, आणि इथे मराठी फार श्रीमंत आहे. ‘भरणं’ हे क्रियापद कर्त्यासह चालतं आणि कर्त्याविनाही: तिने घागर भरली, आणि घागर भरली. शाळा भरते, जखम भरते, हुडहुडी भरते, कणसात दाणा भरतो, बाईचे दिवस भरतात. इंग्रजीत ‘फिल’च्या पलीकडे ‘इम्ब्यू’, ‘इन्फ्यूज’, ‘पर्मिएट’, ‘सॅच्युरेट’ अशी रांग आहे. त्यांच्या लॅटिन मुळांशी अनुक्रमे भिजवणं, आत ओतणं, आरपार जाणं आणि पोट भरणं आहे. आपण त्या सगळ्यांवर ‘ने परिपूर्ण’ किंवा ‘ने युक्त’ असा एकच शिक्का मारतो, आणि झिरपणं, मुरणं, भिनणं, ओथंबणं, दाटणं बाजूला पडतात. पाणी झिरपतं, लोणचं मुरतं, विष भिनतं, मन भारून जातं. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात साच्यात शाडू दाबून मूर्तीला रूप मिळतं, पण देवत्व येतं ते घरी प्राणप्रतिष्ठा झाल्यावर. घडवणं वेगळं आणि आत काही भरणं वेगळं, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विसर्जनानंतर शाडू पाण्यात विरघळून पुन्हा माती होतो, प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र तसं विरघळत नाही. म्हणजे कुठला बदल परतीचा आणि कुठला नाही, याचाही हिशेब त्या व्यवहारात आहे.

शब्दांच्या या काथ्याकुटाने जगात काय फरक पडतो, हा शेवटचा आक्षेप. सांडपाण्याबद्दल बोलू. ते नाल्यात साचलं तर उपसता येईल, जमिनीत झिरपलं तर विहिरीचं पाणी तपासावं लागेल, मासळीच्या किंवा माणसाच्या अंगात भिनलं तर उपसा करून भागणार नाही. ‘प्रदूषणयुक्त’ एवढंच लिहिणारा अहवाल या तीन अवस्था एकाच रकान्यात टाकतो. कायद्याला ठरीव परिभाषा लागते हे मान्य. पण गाव नमुन्यातला ‘फेरफार’ हीसुद्धा ठरीव परिभाषाच आहे, आणि शेतकऱ्याला ती कळते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झालं, आणि त्यानंतर राज्यभर वसाहतींसाठी जमिनी घेताना जो शब्द गावागावांत तोंडी राहिला तो ‘मोबदला’. ‘बदल’ आणि ‘मोबदला’ एकाच अरबी धातूतून आले आहेत: एक दिलं, त्याच्या जागी दुसरं आलं. म्हणून धाटावसारख्या गावात कुणी ‘बदल’ म्हणालं, की काय गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, हे विचारण्याचा हक्क त्या शब्दाने ऐकणाऱ्याला आधीच दिलेला असतो.