क्लचचं तेल जातं कुठं?

चोर्ला घाटात पप्पांच्या जुन्या गाडीचं क्लच पेडल तळाला गेलं; गिअर पडेना. गॅरेजमध्ये नुसतं तेल भरून दिलं, चार दिवसांत पुन्हा तेच. या गाडीत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच, त्यामुळं मला भीतीच वाटली.

आधी पेडलमागं हात घातला. तिथं ओल असती तर मास्टर सिलिंडर गेला म्हणायचा. कोरडं होतं. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी सरकवली. आत तेल साचलेलं. सील गेलं होतं!

नवा सिलिंडर बसवून टाकीच्या झाकणावर लिहिलेलं डॉट ३ ब्रेक ऑईलच भरलं. (इंजिन ऑईल नको, रबर फुगतं.) हवा काढताना पप्पा पेडल दाबून धरायचे, मी निपल सैल करून आवळायचे, मगच त्यांनी पाय उचलायचा. एकदा त्यांनी घाई केली. हवा परत आत.

"आता तू सांगशील तेव्हाच उचलतो, बाय."